मधूनच अडणारे हँडल

वाचकहो, शिवणयंत्राचा दोरा वारंवार का तुटतो याविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनींनी मार्मिक प्रश्न केला. त्या लिहितात, ‘‘रोज तुटणाऱ्या दोऱ्याचे कारण तुम्ही सांगितलेत, पण आमचा दोरा रोज तुटत नाही. कारागीर घरी आला की मुळीच तुटत नाही. त्याची पाठ वळली की तुटतो. यावर उपाय काय?’’ हा प्रश्न केवळ शिवणयंत्राचा नाही. यंत्राच्या दोषांत दोन जाती असतात. एक उघड दोष. तो समोर येऊन उभा राहतो. दुसरा लपंडाव खेळणारा दोष. तो येतो, जातो, आणि साक्षीदार बोलावला की नाहीसा होतो. पहिल्या जातीच्या दोषाने पैसा जातो. दुसऱ्या जातीच्या दोषाने पैसा तर जातोच, पण कधीकधी माणसाची पतही जाते. ही दुसरी गोष्ट मला यंदाच्या आश्विनात, भरवेली येथे माझ्या ताईच्या घरी शिकावयास मिळाली. तीच आज सांगतो.

भरवेली हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. बालाघाट शहरालगतचे हे खाणीचे गाव. येथील मँगनीजची भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. एकेकाळी या खाणी विलायती कंपनीकडे होत्या. १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया)’ ही कंपनी स्थापन झाली, १९७७ मध्ये ती संपूर्णपणे सरकारी मालकीची झाली, आणि पुढे तिचे ‘मॉईल’ हे लघुनामच रूढ झाले. तिचे मुख्यालय नागपुरास. भरवेली, उकवा, तिरोडी या खाणी मध्य प्रदेशात; चिखला, डोंगरी बुजुर्ग या महाराष्ट्रात. १९५६ साली राज्यांची सीमा बदलली, तेव्हा बालाघाट एकीकडे व भंडारा-नागपूर दुसरीकडे गेले. परंतु जमिनीखालच्या खनिजाने ती सीमा मानली नाही आणि जमिनीवरच्या सोयरिकींनीही मानली नाही. आमची ताई अशाच एका सोयरिकीने भरवेलीस गेली. भाऊजी खाणीत ‘मेट’ होते; म्हणजे पाळीवरील मजुरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर असते तो माणूस. निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षे झाली. घरात मराठी, अंगणात पोवारी, बाजारात हिंदी, असा त्यांच्या घराचा त्रिवेणी संसार आहे.

माझा भाचा खाणीत लागला नाही. त्याने कर्ज काढून तीनचाकी मालवाहू मोटारसायकल घेतली. हे वाहन ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढचा अर्धा भाग सरळसरळ मोटारसायकलचा : तेच हँडल, तोच चिमटा, तेच एक चाक. मागे मात्र दोन चाकांवर बसविलेला लोखंडी हौदा. बालाघाटच्या ठोक बाजारातून भरवेलीच्या दुकानांना माल पोहोचविणे, हा त्याचा धंदा. जाताना गाडी रिकामी, येताना भरलेली.

भाद्रपदाच्या अखेरीस ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. ‘‘तू एकदा येऊन जा. गाडीचं काहीतरी बघायचं आहे,’’ एवढेच ती म्हणाली. गाडी पाहण्यासाठी बालाघाटात कारागिरांची वाण नाही. जबलपुराहून भावाला बोलवावे लागते, याचा अर्थ प्रकरण गाडीपुरते नाही, हे मी ओळखले. पूर्वी आम्ही छोट्या रेल्वेने नैनपूरमार्गे डुलत-डुलत जात असू. आता रुंद मार्ग झाला आहे. प्रवास लवकर संपतो आणि विचार करावयास वेळ कमी मिळतो!

पोहोचल्यावर कळले ते असे. चालता-चालता गाडीचे हँडल मधूनच अडते. डावीकडे वळण घ्यावे तर क्षणभर हँडल वळतच नाही. गाडी सरळ, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे जाते. जोर लावावा तो एकाएकी सुटते, आणि गाडी डावीकडे हिसका खाते. एकदा तर हिसक्याने ती चहाच्या टपरीसमोरच्या बाकापर्यंत गेली. बाकावर कोणी नव्हते, हे दैव. भाच्याने गाडी तीन वेळा कारागिराकडे नेली. कारागिराने ती स्वतः चालवून पाहिली आणि तिन्ही वेळा एकच निकाल दिला : ‘‘गाड़ी में कुछ नहीं है।’’

गाडीत काही नाही, मग कशात आहे? पाहणाऱ्याने पाहिले की मालाची गाडी आधी रस्त्याच्या मध्यावर गेली आणि मग झोकांडी खाऊन कडेला आली. खेड्याच्या ठिकाणी या दृश्याचा अर्थ एकच लावला जातो. मुलगा पितो, असे बोलले जाऊ लागले. एका दुकानदाराने माल देणे बंद केले. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती, तीही तिकडून मंदावली. भाचा स्वतः गप्प झाला होता. आणि ताईच्या आवाजातला बदल त्या गप्पपणाचा होता.

मी गेल्यावर पहिली गोष्ट केली ती गाडी जागेवर उभी करण्याची. हे वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. दिवा मधूनच विझत असेल, इंजिन मधूनच बंद पडत असेल, तर चार दिवस काढता येतात. परंतु हँडल आणि ब्रेक यांचा दोष ‘मधूनच’ असला तरी तो ‘नेहमीचाच’ समजावा. तो पुढच्या वेळी कोणत्या क्षणी येईल हे आपल्या हाती नसते. भाचा म्हणाला, ‘‘मामा, गाडी उभी ठेवली तर हप्ता कसा भरू?’’ मी म्हटले, ‘‘अरे, चार दिवसांचा हप्ता मी देईन, पण दोष सापडेपर्यंत चाक फिरणार नाही.’’

तीन चाकांच्या गाडीत हँडलाला इतके महत्त्व का, हे येथे सांगणे अवश्य आहे. दुचाकीस्वार वळताना अंग झुकवितो आणि गाडीही त्याच्याबरोबर झुकते. तीनचाकी झुकत नाही. वळण्याचे सारे काम त्या एकट्या पुढच्या चाकाला करावे लागते, आणि त्याला फिरविण्याचा जोर हातांना. शिवाय पुढे एकच चाक असल्यामुळे, वळणावर ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकाच्या बाजूस, जेथे आधार सर्वांत अरुंद, तेथे धावतो. म्हणून एकाएकी हिसका बसणे हे चारचाकीपेक्षा तीनचाकीस अधिक घातक.

गंमत अशी की मोटारगाडीचा जन्मच तीन चाकांवर झाला, आणि तोही हँडलाच्याच अडचणीमुळे. जर्मनीतील कार्ल बेंझ याने १८८६ मध्ये ज्या गाडीचे पेटंट घेतले तिला तीन चाके होती. पुढची दोन चाके एकाच वेळी नीट वळविण्याची समाधानकारक युक्ती त्याला तोवर साधली नव्हती, म्हणून त्याने पुढे एकच चाक ठेवले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था अशीच गाडी घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभरावर किलोमीटरचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची पिन घालून ती मोकळी केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. जगातील मोटारीची वाटेवरची पहिली मोठी दुरुस्ती एका गृहिणीने केली, हे आमच्या वाचकभगिनींनी घरातील पुरुषमंडळींस अवश्य ऐकवावे.

आपल्याकडेही तीन चाकांची परंपरा जुनी आहे. १९५८ पासून पुण्याच्या फिरोदियांच्या ‘बजाज टेम्पो’ कंपनीने जर्मन बनावटीच्या तीनचाकी मालगाड्या येथे आणल्या, आणि त्या कंपनीचे नाव मराठीत इतके रुळले की आज चार चाकांच्या मालगाडीलाही आपण ‘टेम्पो’च म्हणतो. सौराष्ट्रात मोटारसायकलचा पुढचा भाग आणि मागे हौदा जोडलेला ‘छकडो’ गावोगाव धावला. दिल्लीत जुन्या लष्करी मोटारसायकलींच्या ‘फटफटी’ कित्येक वर्षे उतारू वाहत होत्या. भाच्याची गाडी या साऱ्यांची धाकटी भावंड. ती कारखान्यातून तशीच तयार होऊन आलेली व रीतसर नोंदलेली आहे, हेही सांगून ठेवतो. कारण साधी मोटारसायकल कापून तिला घरीच हौदा जोडण्याचे प्रयोग पुष्कळ होतात, आणि असा बदल परवानगीवाचून करणे १९८८ च्या मोटारवाहन कायद्याने निषिद्ध आहे. त्यात धोका आहे म्हणूनच ते निषिद्ध आहे.

असो. गाडी उभी केली आणि आम्ही नेहमीची तपासणी केली. ती क्रमाने देतो. ज्यांच्या घरी मोटारसायकल अगर रिक्षा आहे त्यांनाही ती उपयोगी पडेल.

प्रथम टायरमधील हवा. पुढच्या टायरात हवा कमी असली की हँडल जड होते. मागच्या दोन टायरांत कमी-अधिक असली की गाडी एका बाजूस ओढते. हवा ठीक होती. नंतर पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. हँडल ज्या छर्ऱ्यांवर फिरते त्यांच्या वाट्या, ज्यांना कारागीर ‘कोन सेट’ म्हणतात, त्या खड्ड्यांच्या माराने खचल्या की बरोबर मध्यावर एक खाच जाणवते. हँडल तेथे बसू पाहते. अशी खाच नव्हती. कारण कोन सेट महिन्यापूर्वीच नवा बसविला होता. मग चिमट्याचे खालचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे हलवून पाहिले, खडखड नव्हती. शेवटी मागचे ब्रेक. एका बाजूचा ब्रेक चिकटून राहत असेल तर गाडी त्या बाजूस खेचते, आणि त्या चाकाचा ड्रम दुसऱ्यापेक्षा अधिक तापतो. ड्रमला बोट लावू नये. पाण्याचे दोन थेंब टाकून कोणत्या बाजूचे लवकर उडतात ते पाहावे. गाडी उभी असल्यामुळे आम्ही चाके उचलून हाताने फिरविली. दोन्ही सारखी मोकळी फिरली.

थोडक्यात, कारागीर खोटे बोलत नव्हता. गाडीत काही नव्हते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तिघे ओसरीवर बसलो. भाऊजी तोवर या प्रकरणात फारसे बोलले नव्हते. मी सहज म्हणालो, ‘‘भाऊजी, खाणीत असा प्रकार आला तर तुम्ही काय करत होता?’’ ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘‘खाणीत छत पडण्याआधी ओरडत नाही. आम्ही सब्बलीनं ठोकून ऐकायचो. पक्कं छत खणखणीत वाजतं, सुटलेलं छत भद्द वाजतं. पण नुसतं आपण ठोकून भागत नाही. आधीच्या पाळीच्या मेटनं काय लिहून ठेवलंय, ते वाचून मगच आम्ही पुढं पाय टाकायचो. कुठं पाणी झिरपलं, कुठं माती सुटली, किती वाजता. एका पाळीला जे दिसत नाही ते तीन पाळ्यांच्या कागदांत दिसतं.’’

मग ते मुलाकडे वळले. ‘‘तू लिहून ठेवलंस का रे काही?’’

भाचा म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही कधी विचारलंत?’’

ओसरीवर शांतता झाली. ताई दारात उभी होती, ती आत गेली. बऱ्याच वेळाने भाऊजी म्हणाले, ‘‘खरं आहे. मी विचारलं नाही. तू रात्री घरी आलास की मी जवळ येऊन उभा राहायचो, ते तुझ्या तोंडाला वास येतो का बघायला.’’ एवढे बोलून ते उठले, कपाटातून एक कोरी वही आणि पट्टी घेऊन आले, आणि पाळीचा अहवाल लिहावा तशा रेघा आखू लागले.

भाच्याने काही लिहून ठेवले नव्हते. पण दुकानदारांच्या मालाच्या पावत्या त्याच्यापाशी होत्या. प्रत्येक पावतीवर तारीख, माल आणि वजन. आणि हँडल अडल्याचा प्रत्येक प्रसंग त्याला स्वच्छ आठवत होता. जीव उडालेला क्षण माणूस विसरत नाही. पावत्या लावून गाडी चालविल्याच्या अखेरच्या पंधरवड्याचा तक्ता तयार झाला. रकाने असे : तारीख, वेळ, माल कोणता, वजन किती, माल हौद्यात कोठे ठेवला, पाऊस होता की नव्हता, कोणते वळण, रस्ता कसा, आणि काय झाले.

एकूण फेऱ्या २२ भरल्या. जाताना ११, येताना ११. हँडल अडले ६ वेळा. सहाही वेळा येताना. जाताना, म्हणजे रिकाम्या गाडीत, एकदाही नाही.

हे दिसताच कारागिराचे कोडे उलगडले. तिन्ही वेळा त्याने गाडी रिकामीच चालवून पाहिली होती! दुरुस्तीला नेताना कोण सिमेंटची पोती भरून नेतो?

पुढे पाहिले. येतानाच्या ११ फेऱ्यांपैकी ८ वेळा माल जड होता. सिमेंट, तांदूळ, साखर. ३ वेळा हलका. पापड-शेवयांची खोकी, प्लॅस्टिकची भांडी. सहाही प्रसंग जड मालाचे. कोन सेट नवा बसविल्यावर गाडी ‘दोन दिवस छान चालली’ असे सर्वांना वाटले होते. ते दोन दिवस पावत्यांनुसार खोक्यांचे होते. कोन सेटचे पैसे असे पाण्यात गेले. पावसाचा संबंध मात्र दिसला नाही. काही प्रसंग पावसातले, काही उन्हातले. आणि शेवटचा रकाना पाहता, प्रत्येक वेळी वळण डावे होते व त्या ठिकाणी रस्ता उखडलेला होता.

म्हणजे जड माल, डावे वळण, खड्डा. या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच दोष प्रकट होत होता. जड माल घेतलेल्या ज्या दोन फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या, त्यांत भाच्याने खड्डा पाहून गाडी थांबत-थांबत काढली होती.

आता ठोकून ऐकण्याची वेळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातच, इंजिन बंद ठेवून, हौद्याच्या पुढच्या भागात सिमेंटची ६ पोती, म्हणजे ३०० किलो वजन ठेवले. गाडीचा पुढचा भाग दबला. भाचा बैठकीवर बसला. शेजारच्या दोन मुलांना चिमट्याच्या वर भार देऊन दाबावयास सांगितले, जणू गाडी खड्ड्यात गेली आहे. भाच्याला म्हटले, ‘‘आता हळूहळू डावीकडे वळव.’’ हँडल वळू लागले, आणि अर्ध्या वाटेत थांबले. मुलांनी भार काढला, चिमटा वर उसळला, आणि ‘टक्’ असा आवाज होऊन हँडल मोकळे झाले.

भाऊजी म्हणाले, ‘‘पुन्हा.’’ पुन्हा तसेच झाले. पाच वेळा केले, चार वेळा अडले. महिनाभर सर्वांना हुलकावणी देणारा दोष आता हाक मारताच येत होता. यंत्रविद्येत हा क्षण दुरुस्तीच्या क्षणाहूनही मोलाचा. दोष हुकमी आला की तो निम्मा सुटला.

मोबाईलचा दिवा आणि ताईचा हातआरसा घेऊन मी चिमट्याच्या मागे पाहिले. पुढच्या ब्रेकची वायर हँडलापासून चाकापर्यंत खाली जाते. चिमटा दबला की हँडल व चाक यांतील अंतर कमी होते; वायर मात्र तेवढीच राहते, म्हणून तिचा फुगा बाहेर येतो. तो फुगा बाजूला राहावा यासाठी चिमट्यावर एक लहान लोखंडी कडी असते आणि वायर तिच्यातून ओवलेली असते. येथे वायर कडीबाहेर होती, आणि मूळच्या वायरीपेक्षा चांगली वीतभर लांब होती. चिमटा दबला की तिचा फुगा मागे सरके, आणि हँडल किती वळावे याची मर्यादा घालणारा जो खुंट असतो, त्याच्या आड जाऊन बसे. हँडल डावीकडे वळले की वायर चेपून हँडल अडे. खड्डा ओलांडून चिमटा उसळला की वायर ताणली जाऊन निसटे, आणि जोर लावलेले हात गाडीला हिसका देत. वायरीच्या काळ्या वेष्टनावर एके ठिकाणी नखाएवढा चकचकीत पट्टा पडला होता. एवढा एक पट्टा एका मुलाच्या अब्रूचा साक्षीदार होता, आणि तो पाहण्यास कोणी वाकले नव्हते.

वायर केव्हा बदलली? ज्येष्ठात, रस्त्यावरच्या एका दुकानात. योग्य लांबीची नव्हती म्हणून मिळाली ती बसविली. दोष केव्हा सुरू झाला? श्रावणात. मधले दोन महिने काहीच झाले नाही, म्हणून वायरीचा संशय कोणास आला नाही. मी विचारले, ‘‘अरे, श्रावणात गाडीत आणखी काय बदललं?’’ भाचा संकोचला. ‘‘मामा, मी फोनवर तुम्हाला विचारलं होतं की चढावर पुढचं चाक हलकं होतं. तुम्ही म्हणालात, जड माल मागच्या चाकांच्या मागे ठेवू नकोस, पुढे ठेव.’’

वाचकहो, सल्ला बरोबर होता. आजही मी तोच देईन. माल मागच्या आसाच्या मागे गेला की पुढचे चाक उचलले जाऊ लागते आणि हँडल निकामी होते. परंतु माल पुढे आला तसा चिमटा अधिक दबू लागला, आणि दोन महिने निरुपद्रवी लोंबणारी वायर खुंटापर्यंत पोहोचू लागली. एक चूक ज्येष्ठातली, एक योग्य सल्ला श्रावणातला. दोहोंचा संगम झाला तेव्हा दोष जन्मला. ‘अलीकडे काय बदलले?’ हा प्रश्न आपण विचारतो, पण बहुधा एकच उत्तर मिळाले की थांबतो. दोन बदल असू शकतात, आणि त्यांतला एक आपला स्वतःचाही असू शकतो. मी ताईची व भाच्याची क्षमा मागितली. ताई म्हणाली, ‘‘तुझी क्षमा राहू दे, आधी वायर आण.’’

योग्य लांबीची वायर आणून ती कडीतून ओवली. मग पुन्हा तीच पोती, तीच मुले, तेच डावे वळण. पंचवीस वेळा केले. एकदाही अडले नाही. एवढ्यावर न थांबता मी जुनी वायर पुन्हा पहिल्यासारखी लावून पाहिली. दुसऱ्याच खेपेस हँडल अडले. ती काढून नवी लावली, मोकळे. हे अधिकचे काम वाटेल, पण तेच प्रमाण आहे. काढल्याने दोष जातो आणि लावल्याने परत येतो, तेव्हाच कारण सापडले म्हणावे. नुसता गेला म्हणजे कदाचित आपण होऊनच लपला असेल.

ज्या दोषाला असे हुकमी बोलावता येत नाही त्याचे काय? त्यासाठी एक हिशेब सांगतो. समजा, दोष सरासरीने चार फेऱ्यांत एकदा येतो. दुरुस्तीनंतर चार फेऱ्या निर्दोष गेल्या, तर आपण आनंदित होतो. परंतु काहीच दुरुस्त झाले नसतानाही चार फेऱ्या लागोपाठ निर्दोष जाण्याचा संभव शंभरात जवळजवळ ३२ आहे. म्हणजे तीनांत एकदा आपण फसणार. तोच १२ फेऱ्या निर्दोष गेल्या तर केवळ योगायोगाचा संभव शंभरात ३ वर येतो. म्हणून सोपा नियम : एरवी जितक्या काळात दोष दिसतो, त्याच्या निदान तिप्पट काळ तो दिसला नाही, तरच दुरुस्तीचे समाधान मानावे. आणि तो काळ सारखाच हवा. पूर्वी पोती वाहिली असतील तर परीक्षेच्या दिवशीही पोतीच हवीत, पापडाची खोकी नव्हेत. दुसरा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कोन सेट, टायर आणि वायर एकाच दिवशी बदलली, तर गाडी सुधारेलही. पण कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तिन्हींचे पैसे पुन्हा जातील. हँडल व ब्रेक यांची अशी परीक्षा मात्र आधी उभ्या गाडीवर, मग मोकळ्या मैदानात, मंद गतीने घ्यावी. भर रस्त्यावर नव्हे.

भाच्याने त्यानंतर जड मालाच्या २४ फेऱ्या केल्या. हँडल अडले नाही. भाऊजींची वही चालूच आहे. रोज रात्री ते विचारतात आणि भाचा सांगतो. आता त्या वहीत गाडीबरोबर इतर गोष्टीही लिहिल्या जातात, असे ताईने कळविले. त्या दुकानदाराकडे भाऊजी स्वतः ती चेपलेली वायर घेऊन गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण माल पुन्हा सुरू झाला. लग्नाच्या बोलण्यांचे मात्र अजून काही कळले नाही. मनातले किल्मिष धुऊन निघावयास वायर बदलण्याहून अधिक काळ लागतो.

आता त्या शिवणयंत्राच्या भगिनींस उत्तर. दोरा तुटला की यंत्राला बोल लावण्याआधी, कापड कोणते, दोरा कोणता, वेग किती, वेळ कोणती, हे आठ दिवस लिहून काढा. तो कागद कारागिराच्या हाती द्या, आणि ज्या कापडावर तो तुटतो तेच कापड त्याच्यासमोर शिवून दाखवा. आणि यंत्राखेरीजही घरात ज्याच्या तक्रारीला आपण ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असे म्हणतो, अशा एखाद्या मुलाची सकाळची पोटदुखी असेल, सासूबाईंची अधूनमधून येणारी भोवळ असेल, त्यांच्यासाठीही अशी एक वही घालून पाहा, आणि ती डॉक्टरांना दाखवा. तपासणीच्या दिवशी पोट दुखले नाही म्हणून ते कधीच दुखत नव्हते, असे होत नाही. त्या दिवशी गाडी रिकामी होती, इतकाच त्याचा अर्थ.